सहीच्या वरचा मजकूर

धर्मगुरूच्या टेबलावर येणारे कागद हा एका स्वतंत्र लेखाचा विषय होऊ शकेल. बाप्तिस्म्याचे दाखले आणि विवाहाच्या नोंदी हे तर आमचे नित्याचे काम. परंतु त्यांच्या जोडीने शाळा सोडल्याचे दाखले, शिधापत्रिका, सातबाराचे उतारे आणि बँकेच्या नोटिसाही आमच्यापुढे ठेवल्या जातात. लोणावळ्याच्या आणि मावळाच्या या पट्ट्यात आमचे भाविक कोण, तर रेल्वेतून निवृत्त झालेले, श्रीमंतांच्या बंगल्यांची राखण करणारे, हॉटेलांच्या भटारखान्यात राबणारे, टेंपो चालविणारे आणि नाणे मावळात किंवा पवन मावळात भाताची चार खाचरे बाळगून असलेले. ‘फादरांना इंग्रजी येते’ या एकाच गुणामुळे आम्ही त्यांच्या कागदांचे वाचक झालो आहोत. लेखनात चूक आढळली की वाचकाने लेखकाला दोष द्यावा, असा साहित्यातील रिवाज आहे. प्रस्तुत प्रकरणात मात्र वाचकही निर्दोष नाही, आणि ते मान्य करण्यासाठीच आम्ही लेखणी हाती घेतली आहे. ज्या भगिनीची ही हकिगत आहे तिची अनुमती आम्ही घेतली आहे. ओळख पटेल असा तपशील तेवढा गाळला आहे.

२०१९ सालचा ऑक्टोबर उजाडला, तरी लोणावळ्याचा पाऊस माघार घेण्यास तयार नव्हता. अशा एका संध्याकाळी ती भगिनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक लिफाफा घेऊन आली. तिचा पती टेंपोचालक होता. हॉटेलांना किराणा पोहोचवायचा आणि परतीच्या फेरीत चिक्कीची खोकी पुण्यास न्यायची, हा त्याचा व्यवसाय. त्या जूनमध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. त्याचा अंत्यविधी आम्हीच केला होता. मागे दोन मुले, भाड्याच्या दोन खोल्या आणि एकोणीस महिन्यांपूर्वी उतरविलेला पाच लाख रुपयांचा आयुर्विमा, एवढेच उरले होते.

“फादर, पैसे कधी मिळणार ते ह्यात लिहिलंय का?” तिने विचारले.

आम्ही पत्र वाचले. एकच पान होते. मृताने विमा घेताना मधुमेहाची माहिती कपटाने दडवून ठेवली, सबब दावा नाकारण्यात येत आहे आणि भरलेले हप्तेही जप्त करण्यात येत आहेत, असा त्याचा आशय होता. ‘कपट’ हा शब्द आम्ही मनातल्या मनात दोनदा भाषांतरून पाहिला. त्याहून सौम्य शब्द सापडेना. शेवटी जे होते ते सांगितले. ती पुष्कळ वेळ बोलली नाही. आम्हाला वाटले, पाच लाख गेले म्हणून ती स्तब्ध झाली असावी. परंतु तिने विचारले ते वेगळेच.

“माझ्या नवऱ्यानं कपट केलं, असं लिहिलंय?”

पत्रासोबत दोन कागदांच्या प्रती होत्या. पहिली आमच्याच सिस्टरांच्या दवाखान्यातील नोंदवहीच्या पानाची. हा गृहस्थ चार वर्षे तेथून साखरेच्या गोळ्या नेत असल्याचे त्यावरून सिद्ध होत होते. कंपनीच्या चौकशी अधिकाऱ्याने विचारले आणि सिस्टरांनी खरे तेच सांगितले. दुसरी प्रत मूळ अर्जाची होती. मधुमेह आहे काय, या प्रश्नापुढे ‘नाही’च्या चौकटीत खूण होती. अर्ज आरंभापासून अखेरपर्यंत इंग्रजीत, आणि तळाशी मराठीत सावकाश काढलेली, शाळेतल्या मुलासारखी सही. तिच्याखाली एक ठरावीक निवेदन होते: अर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हा सर्व मजकूर वाचून समजावून दिला आहे. त्या निवेदनाखाली एजंटाची सही. ती आम्ही पाहताक्षणी ओळखली.

येथे आमचा भाग सुरू होतो. नोव्हेंबर २०१७ मधील एका रविवारी, मिस्सानंतर, त्या एजंटाला आम्हीच सभागृहात बोलावले होते. तो आमच्याच धर्मग्रामातील तरुण. औद्योगिक वसाहतीतील कारखान्याने त्याला कमी केले होते. विम्याच्या कामावर त्याचे घर चालत होते. “हा आपलाच मुलगा आहे, विश्वासाने ऐका,” असे सांगून आम्ही त्याची ओळख करून दिली आणि चहा घेण्यास निघून गेलो. पुढील महिन्याभरात अकरा कुटुंबांनी त्याच्याकडून विमा घेतला. त्यांनी पॉलिसी वाचली नाही, कंपनीचे नावही कित्येकांना नीट सांगता येईना. त्यांनी विश्वास ठेवला होता तो आमच्या शब्दावर.

विमा हा मुळात विश्वासाचाच व्यवहार आहे. अनेकांनी थोडे थोडे एकत्र करावे आणि ज्याच्यावर प्रसंग ओढवेल त्याला त्यातून हात द्यावा, ही त्यामागील साधी कल्पना. मावळाला ती परकी नाही. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा मागून जमविलेल्या निधीतून. तो विमा नव्हे हे खरे. परंतु अनोळखी माणसांनी परस्परांच्या भरवशावर पैसा एकत्र करण्याचे ते मोठे उदाहरण होते. विम्याच्या क्षेत्रात १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल स्थापन झाली आणि हिंदी माणसाचा विमा वाढीव दर न लावता उतरविला जाऊ लागला. तोवर युरोपीय कंपन्या आपल्या लोकांकडून अधिक हप्ता घेत. १९१३ साली साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली.

परंतु जेथे लोकांचा पैसा साठतो तेथे मोहही साठतो. काही विमा कंपन्यांतील गैरव्यवहार उघडकीस आल्यावर १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. सुमारे अडीचशे लहानमोठ्या संस्था त्यात विलीन झाल्या. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले आणि खासगी कंपन्यांना पुन्हा दार उघडले. पर्याय वाढले, त्याबरोबर स्पर्धा वाढली आणि महिन्याला अमुक इतक्या पॉलिसी आणल्याच पाहिजेत, असा तगादा एजंटांच्या मागे लागला.

दुसऱ्या बाजूने ग्राहकही जागा होत होता. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, जो जुलै २०२० पासून अमलात आहे. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने थेट आयुर्विमा महामंडळाशी न्यायालयात झुंज दिली. कमी हप्त्याचा एक विमा केवळ सरकारी वा नामांकित आस्थापनांतील पगारदारांसाठी राखून ठेवण्यात आला होता. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द ठरविली. टेंपोचालक आणि भटारखान्यातील आचारी यांनाही विम्याचा समान हक्क आहे, असाच त्या निकालाचा आमच्या लोकांपुरता अर्थ होता.

हे सर्व आम्ही त्या संध्याकाळनंतर वाचले. तत्पूर्वी सेमिनरीत नीतिशास्त्राचे धडे गिरवूनही ‘विमा कायदा, कलम ४५’ हे शब्द आमच्या कानांवरून गेले नव्हते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर हे कलम सांगते की, पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण झाल्यावर कोणत्याही कारणास्तव तिच्या वैधतेस आव्हान देता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र कंपनी दोन कारणांनी पॉलिसी नाकारू शकते. एक कपट, दुसरे, कपट नसले तरी महत्त्वाच्या गोष्टीविषयी चुकीची किंवा अपुरी माहिती. दुसऱ्या कारणाने नाकारल्यास भरलेले हप्ते नव्वद दिवसांत परत करावे लागतात. याच कलमात असेही म्हटले आहे की, जो माणूस विम्याची विनंती आणि बोलणी करतो तो, करार घडविण्यापुरता, कंपनीचाच प्रतिनिधी मानला जाईल. तेव्हा अर्ज कोणी भरला, रोग्याने काय सांगितले आणि लिहिणाऱ्याने काय लिहिले, या प्रश्नांना कायद्याच्या दृष्टीने मोल होते.

त्या भगिनीला सारे आठवत होते. एजंट घरी आला, तेव्हा तिच्या पतीने गोळ्यांची पुडी काढून दाखविली होती. “ते लिहिलं तर हप्ता वाढेल, पुन्हा तपासण्या लागतील. गोळ्यांनी ताब्यात आहे ना? मग राहू दे,” असे उत्तर मिळाले होते. परंतु सांगणारा स्वर्गवासी झाला होता आणि ऐकणारा गप्प होता.

आम्ही त्या तरुणाकडे गेलो. (तो प्रायश्चित्त संस्कारासाठी आमच्याकडे आला नव्हता, आम्हीच त्याच्या घरी गेलो होतो, हे येथे नमूद केले पाहिजे; एरवी यातील एक अक्षरही लिहिण्याचा अधिकार आम्हाला नसता.) अर्ज आपण भरला आणि आजाराची माहिती असूनही ‘नाही’ लिहिले, एवढे त्याने कागदावर लिहून द्यावे, अशी आमची मागणी होती. तो म्हणाला, “फादर, मला शिकवलं तसंच मी केलं. हे लिहून दिलं तर माझं काम जाईल. माझ्या मुलांनी काय खायचं?” त्याला उत्तर देणे सोपे नव्हते. एका घरातील चूल पेटावी म्हणून दुसऱ्या घरातील चूल विझवा, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? आणि त्या दिवशी सभागृहात त्याला मोकळे सोडून चहास जाणारे आम्ही त्याला कोणत्या तोंडाने बोल लावणार? आम्ही उठलो. “तुझ्याबरोबर चूक माझीही आहे, आणि तसे मीही लिहून देणार आहे,” एवढे मात्र सांगून आलो.

आठ दिवस काही घडले नाही. नवव्या दिवशी रात्री त्याने दार वाजविले आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेले दीड पान आमच्या हाती ठेवले. आत येण्यास मात्र त्याने नकार दिला.

प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. महिना उलटला तरी उत्तर आले नाही, तेव्हा विमा लोकपालांकडे धाव घेतली. १९९८ च्या नियमांनी निर्माण झालेली ही व्यवस्था आता २०१७ च्या नियमांनुसार चालते. शुल्क नाही, वकील नाही. विमेदाराने किंवा त्याच्या वारसाने स्वतः म्हणणे मांडायचे. फेब्रुवारी २०२० मध्ये सकाळची लोकल पकडून आम्ही पुण्यास नारायण पेठेतील त्या कार्यालयात गेलो. ती एकटी आत गेली. आम्ही बाहेर बाकावर बसलो. धर्मगुरूला बाकावर बसवून भाविकाने स्वतः बोलावे, ही व्यवस्थाच आम्हाला उचित वाटली. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. “त्यांनी विचारलं, नवरा कितवी शिकला होता. मी म्हटलं, सातवी. आणि सांगितलं की पुडी काढून दाखवली होती,” एवढेच ती म्हणाली.

टाळेबंदी लागण्याच्या थोडे आधी निवाडा टपालाने आला. मधुमेह आणि हृदयविकार यांचा संबंध पाहता दडलेली माहिती महत्त्वाची होती. ती कळली असती तर कंपनीने वेगळा निर्णय घेतला असता. सबब पाच लाख देता येत नाहीत. तथापि एजंटाचे लेखी निवेदन आणि पत्नीचे कथन पाहता मृताचा फसविण्याचा हेतू दिसत नाही. म्हणून दोन वर्षांचे भरलेले हप्ते परत करावेत. छप्पन्न हजार रुपये तिच्या खात्यात जमा झाले.

वाचकहो, पाच लाखांच्या जागी छप्पन्न हजार हा काही विजय नव्हे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मराठी कुटुंबाचा दावा मान्य केला होता. तेथे पाठीच्या मणक्याचे दुखणे सांगितले नव्हते आणि मृत्यू हृदयविकाराने झाला होता. दोहोंचा संबंध नाही, सबब विमा नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. आमच्या प्रकरणात तो आधार लागू पडण्याजोगा नव्हता. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, या मुद्द्यावर ग्राहक आयोगाकडे जाण्याचा मार्ग मात्र मोकळा होता. आम्ही तसे सुचविले. “पुरे, फादर,” ती म्हणाली. तिला बंगल्यात कामावर जायचे होते, आणि टाळेबंदीत तेही सुटले. आम्ही अधिक आग्रह धरावयास हवा होता काय, हा प्रश्न आजही आम्हाला सोडत नाही.

उरलेल्या दहा कुटुंबांना आम्ही सभागृहात बोलावले आणि प्रत्येकाचा अर्ज मराठीत वाचून दाखविला. चार अर्जांत आजारांची माहिती खोटी किंवा अपुरी निघाली. त्या चौघांकडून कंपनीला दुरुस्तीची पत्रे लिहविली. दोघांची माहिती तशीच स्वीकारली गेली. तिसऱ्याला वाढीव हप्ता पडला. चौथ्याची पॉलिसी कंपनीने रद्द करून पैसे परत केले, आणि पुढे त्याला कोठेही विमा मिळाला नाही. तो गृहस्थ अद्याप आमच्यावर रुष्ट आहे. ‘गप्प बसला असता तर तीन वर्षे पार पडली असती,’ हे त्याचे म्हणणे हिशेबाला चुकीचे नाही. पण नशिबाने साथ दिली तरच टिकेल, अशा कागदाला संरक्षण कसे म्हणावे? खोट्यावर उभा राहिलेला विमा नेमका गरजेच्या दिवशीच कोसळण्याची भीती असते.

हा अनुभव केवळ आमच्या गरीब धर्मग्रामाचा नाही. विळे-कोयत्याने पोट भरणाऱ्यांसाठी राज्य शासनाने काढलेला शेतकरी अपघात विमा २०१५-१६ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालू होता. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, विहिरीत पडणे, अशा भातखाचरांतल्या नेहमीच्या संकटांसाठी तो होता. परंतु दावे वेळेवर मिटेनात, नाना त्रुटी काढल्या जाऊ लागल्या. शेवटी एप्रिल २०२३ मध्ये शासनाने विमा कंपन्यांना बाजूस सारून, अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान स्वतःच देण्याची योजना आणली. प्रत्यक्ष शासनाला जेथे हात टेकावे लागले, तेथे एकट्यादुकट्या विधवेची काय कथा!

तरीही, कायद्याने जे दिले आहे ते आपण घेत नाही, हेही तितकेच खरे. पॉलिसी हाती आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. ही मुदत पूर्वी पंधरा दिवसांची होती, २०२४ साली वाढली. आरोग्य विम्यात सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, कपट सिद्ध झाल्याखेरीज, जुना आजार सांगितला नाही म्हणून दावा नाकारता येत नाही. पॉलिसीचे सार सांगणारे माहितीपत्रक आपल्या भाषेत मागता येते. लोकपालांकडे आता पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी नेता येतात; मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत. आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही पडत नाही. नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा दूरध्वनी क्रमांक आम्ही चर्चच्या सूचनाफलकावर लावला आहे.

पण हे सारे उपाय आग लागल्यावर काढायच्या पाण्याचे आहेत. विहीर आधीच खणायची असेल, तर ती सहीच्या क्षणी. आपण दुकानात भोपळाही ठोकून पाहून घेतो. वीस वर्षांचा करार मात्र ‘कुठे सही करू?’ एवढेच विचारून उरकतो. पहिल्या हप्त्यातील कमिशनचा वाटा एजंटाकडून मागण्यास आपण लाजत नाही. तो देणे आणि घेणे, दोन्ही कायद्याने गुन्हा आहे, आणि असा वाटा घेणाऱ्याला एजंटास खडसावून विचारण्याचे धैर्य उरत नाही. सिस्टरांच्या नोंदवहीत जे खरे असेल तेच अर्जातही असावे, मग हप्ता वाढला तरी चालेल. आणि पत्नीला ठाऊक नसलेला विमा हा विमाच नव्हे. कारण त्याचा कागद शोधण्याची पाळी तिच्यावरच येणार असते.

आमच्यापुरते बोलायचे, तर ‘हा आपलाच मुलगा आहे’ हे वाक्य आम्ही सभागृहातून हद्दपार केले आहे. कोणासही बोलायचे असेल तर त्याने अर्ज मराठीत आणावा आणि आमच्यासमक्ष वाचून दाखवावा, चहा नंतर. तो तरुण विम्याचे काम सोडून आता कामशेतला एका दुकानात असतो. रविवारी मागच्या बाकावर बसतो. त्याने दिलेल्या दीड पानाची किंमत त्यालाच मोजावी लागली.

पतीच्या प्रथम वर्षदिनाच्या मिस्सासाठी सांगावयास ती भगिनी आली, तेव्हा तिने तीच प्लास्टिकची पिशवी पुन्हा टेबलावर ठेवली. आत निवाड्याची मूळ प्रत होती. “घरात पाणी गळतं, फादर. तुमच्या नोंदवह्यांच्या कपाटात ठेवा. मुलं मोठी झाली की विचारतील, तेव्हा दाखवायला लागेल.” तिने बोटाने एका ओळीकडे निर्देश केला. इंग्रजी तिला वाचता येत नव्हते, परंतु ती ओळ कोठे आहे हे तिने पाठ केले होते. मृताचा फसविण्याचा हेतू दिसत नाही, असे तेथे लिहिले होते.

तो कागद आमच्या कपाटात, बाप्तिस्म्याच्या आणि मृत्यूच्या नोंदवह्यांच्या मधोमध ठेवलेला आहे.